परदेशी विद्यापीठाची मदत: रक्कम नंतर बघा, आधी तारीख बघा

सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो, उसाचं बिल कारखान्याच्या मर्जीनं येतं आणि परदेशी विद्यापीठाचं डिपॉझिट बहुधा मे-जूनमध्ये भरायचं असतं. नेमका तेव्हाच घरातला पैसा बियाणं-खतात गेलेला असतो. बीड, लातूर, परभणीकडच्या पोरांचं परदेशातलं शिक्षण अडतं ते बऱ्याचदा इथंच. शिष्यवृत्ती मिळालेली असते, कर्ज मंजूर झालेलं असतं, पण ज्या दिवशी पैसे लागतात त्या दिवशी ते हातात नसतात. म्हणून मदत कुठलीही असो, तीन गोष्टी विचारून घ्यायच्या: पैसा कोणाचा, हातात कधी पडणार, आणि कशानं बंद पडू शकतो.

ऑफर लेटरमधली ‘स्कॉलरशिप’

ऑफर लेटरवर ‘इंटरनॅशनल एक्सलन्स स्कॉलरशिप, ३,००० पौंड’ असं दिसलं की घरी पेढे येतात. फी २१,००० पौंड असेल तर आता १८,००० भरायची, एवढाच त्याचा अर्थ. हातात दमडी येत नाही. ही फीतली सूट आहे, आणि स्पष्टच सांगायचं तर जागा भरण्यासाठी लावलेला सेल आहे. दुसऱ्या विद्यापीठाची मूळ फीच १७,००० असेल, तर सूट न देणारंच स्वस्त पडलं. एजंट हे सांगणार नाही, कारण त्याचं कमिशन बहुतेकदा विद्यापीठाकडून येतं.

ज्यात फीही माफ आणि महिन्याला खर्चाचे पैसेही मिळतात, ती खरी मदत. ब्रिटनमध्ये कॉमनवेल्थ शेअर्ड स्कॉलरशिप आहे. तिचा भार सरकार आणि विद्यापीठ वाटून घेतात, आणि एरवी ब्रिटनमध्ये शिकणं परवडलं नसतं अशांसाठीच ती आहे. जर्मनीतल्या डाड या संस्थेची ‘इपॉस’ योजना विकसनशील देशांतल्या नोकरदार पदवीधरांसाठी आहे. मास्टर्सला महिन्याला ९९२ युरो. इरास्मस मुंडुसमध्ये दोन-तीन देशांत मिळून मास्टर्स होतं, फी नाही आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात.

यातल्या इपॉसला आणि ब्रिटन सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. चेवनिंगवाले तो तासांत मोजतात, २,८०० तास. पदवी हातात पडल्या पडल्या अर्ज करणारी मुलं इथंच बाद होतात. उलट कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन दोन-तीन वर्षं पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थेत राबलेल्या मुलीला आपला अनुभव किरकोळ वाटतो, म्हणून ती अर्जच करत नाही. इपॉसच्या यादीत शेती, पाणी, ग्रामीण विकास यांचे कोर्स आहेत. तिचा अनुभव तिथं नेमका बसतो. फक्त तो कागदावर हवा: नेमणूकपत्र, पगाराच्या नोंदी, लेटरहेडवर तारखांसह अनुभवाचा दाखला. आणि या सगळ्यांचे अर्ज कोर्सच्या वर्षभर आधी सुरू होतात. यंदाच्या दिवाळीत भरलेला अर्ज पुढच्या पोळ्यानंतर सुरू होणाऱ्या वर्गासाठी असतो.

एक गल्लत मात्र सर्रास होते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट या संस्था परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता प्रवेश देतात आणि कुटुंबाला झेपणार नाही तेवढा सगळा खर्च उचलतात. हे खरं आहे, पण बारावीनंतरच्या पदवीसाठी. एमएसला ही सोय लागू नाही.

असिस्टंटशिपचं पत्र कसं वाचायचं

अमेरिकेत पीएचडीला असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठात शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल मिळणारा पगार, बहुधा प्रवेशपत्रातच येते. कॉम्प्युटरच्या एमएसला ती प्रवेशाबरोबर क्वचितच मिळते. मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र अशा थिसिसवाल्या एमएसचं गणित वेगळं: प्राध्यापकाकडे प्रकल्पाचा पैसा असेल तर तो आरए, म्हणजे रिसर्च असिस्टंट, घेतो. तिथं प्राध्यापकाला आधी मेल जातो आणि अर्ज नंतर. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा मेलचा हंगाम. ‘आय अ‍ॅम हार्डवर्किंग’ लिहून काही साधत नाही. ‘सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्याच्या नियंत्रणाचे दोन हंगाम प्लॉट घेतले, रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, विश्लेषण आर मध्ये केलं’ अशा दोन ओळी लिहा, त्याला उत्तर येण्याची शक्यता कितीतरी जास्त.

पत्र आलं की त्यात साधारण असं असतं: ‘०.५ एफटीई, नऊ महिने, ट्युइशन रेमिशन’. ०.५ एफटीई म्हणजे आठवड्याला २० तास. सत्र चालू असताना एफ-१ व्हिसावर (अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा) कॅम्पसमधल्या कामाची कमाल मर्यादाही तेवढीच, त्यामुळे वर कॅन्टीनमध्ये आणखी पाच तास करीन म्हणाल तर व्हिसा धोक्यात. नऊ महिने म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. उन्हाळ्याचे तीन महिने पगार नाही, भाडं मात्र चालू. ट्युइशन माफ झाली तरी विद्यार्थी शुल्क, तंत्रज्ञान शुल्क आणि आरोग्य विमा बऱ्याच ठिकाणी आपल्याच खिशातून जातात. सत्रामागे किती, हे विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला थेट मेलवर विचारायचं. त्यात संकोच नको, त्यांना हा प्रश्न रोजचा आहे.

पहिला पगार महिना-दीड महिन्यानं येतो. सोशल सिक्युरिटी नंबर, बँक खातं, पेरोलची नोंद हे सगळं पोचल्यावर सुरू होतं आणि तेवढ्यात घरमालक पहिलं भाडं आणि डिपॉझिट मागतो. दोन महिन्यांचा खर्च बरोबर न्यायचा, पत्रात पगार कितीही असो. जवळ नसेल तर निघण्याआधीच परदेशी विद्यार्थी कार्यालयाला लिहा. बऱ्याच विद्यापीठांत बिनव्याजी अल्पमुदतीचं कर्ज मिळतं. आपल्या भाषेत उचल, फक्त मुकादमाशिवाय.

पगाराच्या चिठ्ठीवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या नावानं मिळून ७.६५ टक्के कापले जात असतील तर लगेच पेरोलकडे जा. एफ-१ वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं ही कपात लागू होत नाही, पण सिस्टीममध्ये चुकीचा शिक्का पडला की ती होते. आयकराचं विवरण १०४०-एनआर फॉर्मवर १५ एप्रिलपर्यंत भरायचं. भारत-अमेरिका करारातल्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ते मिळत नाही. विद्यापीठानं दिलेल्या सॉफ्टवेअरवर देश नीट निवडला नाही तर हे पैसे हकनाक जातात.

सातबारा आणि बँक

विद्यापीठाची मदत अर्धीमुर्धी असेल तर उरलेलं कर्ज. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण लागतं, आणि इथं मराठवाड्यातल्या बापाचा हिरमोड होतो. बारा एकर बागायत असली तरी बँक शैक्षणिक कर्जासाठी सातबारा सहसा घेत नाही. कारण साधं आहे: कर्ज थकलं तर बँक ज्या सरफेसी कायद्यानं तारण ताब्यात घेते, त्याच्या कलम ३१ मधून शेतजमीन वगळलेली आहे. त्यामुळे एनए प्लॉट, शहरातलं घर, एफडी, एलआयसीची पॉलिसी चालते. गावठाणातल्या घराचा नमुना ८ चालेल का, हे शाखेवर अवलंबून. वर्ग दोनची किंवा इनामी जमीन असेल तर तिचा विचारच सोडा. घर वडिलोपार्जित आणि वाटणी न झालेलं असेल तर चुलत्यांच्या सह्या लागतात, आणि वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन यात दोन-तीन महिने सहज जातात. प्रवेशाचं पत्र आल्यावर बँकेत जाणं म्हणजे पाऊस पडल्यावर बियाणं शोधणं.

परदेशी शिक्षणाला १५ टक्के रक्कम स्वतःची दाखवावी लागते. पण बँकांच्या आदर्श योजनेत शिष्यवृत्ती आणि असिस्टंटशिप यांची रक्कम या १५ टक्क्यांत धरता येते. शाखेत हे आपणहून कोणी सांगेल असं नाही. पत्र पुढं करून मागायचं. कर्जाच्या पैशातून फी पाठवली तर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) कापला जात नाही. स्वतःचे वर्षाला दहा लाखांपुढं पाठवले की कापला जातो. तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरलं तरच. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून ज्यांनी जन्मात रिटर्न भरलं नाही, त्यांचे हजारो रुपये असेच पडून राहतात.

आता खात्यात पैसे ‘दाखवण्याची’ गोष्ट. ब्रिटनच्या व्हिसासाठी ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी, आणि त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आत हवा. मध्ये एक दिवस शंभर रुपये कमी पडले तरी मोजणी नव्यानं. खातं स्वतःचं किंवा आई-वडिलांचं. आई-वडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि संमतीपत्र जोडायचं. मामाच्या खात्यातले पन्नास लाखही उपयोगाचे नाहीत, आणि पतसंस्थेतल्या ठेवीवर तर विसंबूच नका. जर्मनीत याच कामासाठी ब्लॉक्ड अकाउंट आहे: वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे आणि तिकडं गेल्यावर महिन्याला ९९२ युरो परत घ्यायचे. युरो १०० रुपये धरला तरी हे बारा लाखांच्या घरात जातं. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ म्हणणारे हे बारा लाख आणि जर्मन व्हिसाला लागणाऱ्या एपीएस (कागदपत्रांच्या पडताळणीच्या) प्रमाणपत्राचे १८,००० रुपये सांगायला विसरतात. शिवाय बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो फी आहेच.

सरकारी शिष्यवृत्ती आणि विद्यापीठाचं घड्याळ

राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, वर्षाला ७५ जागा. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या १२५ जागा आहेत. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, बाकी भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी. मराठा आणि कुणबी विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारच्या सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना आहे. केंद्राच्या योजनेत पूर्ण फी मिळतेच, वर खर्चाला वर्षाला १५,४०० डॉलर, ब्रिटनला ९,९०० पौंड मिळतात. ९,९०० म्हणजे महिन्याला ८२५. लंडनमध्ये त्यातलं बरंचसं खोलीच्या भाड्यातच जातं. त्यामुळे लीड्स किंवा ग्लासगोचा विचार लंडनआधी करावा. अल्पसंख्याकांसाठीची ‘पढो परदेश’ ही व्याज अनुदान योजना २०२२ मध्ये बंद झाली आहे. तिचे फॉर्म भरून देतो म्हणणारा भेटला तर सरळ उठून या.

अडचण घड्याळाची आहे. विद्यापीठाची डिपॉझिटची तारीख आधी येते आणि सरकारची निवड यादी मागाहून. अशा वेळी विद्यापीठाला गप्प राहून तारीख चुकवायची नाही. अर्जाची पोच जोडून लिहायचं, ‘सरकारी प्रायोजकाच्या निर्णयाची वाट बघतोय, डिपॉझिटला मुदतवाढ द्या; नाहीच जमलं तर प्रवेश पुढच्या वर्षावर टाका.’ निवडपत्र आलं की बरीच ब्रिटिश विद्यापीठं डिपॉझिटच्या जागी तेच धरतात. सरकारी योजना विद्यापीठाची क्यूएस क्रमवारी (जगातल्या विद्यापीठांची यादी) बघतात. ती बघताना योजनेच्या जाहिरातीत कोणत्या वर्षाची म्हटलंय तेवढंच बघा. दरवर्षी काठावरची विद्यापीठं आतबाहेर होतात.

मुदतीचं हे दुखणं जुनं आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेल्या बाबासाहेबांना १९१७ मध्ये मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते स्वतःची शिल्लक, मित्राकडचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत जुळवून. विद्यापीठानं पुन्हा यायची परवानगी दिली होती म्हणून ते जमलं. आजही मध्येच परतावं लागलं तर कोर्स सोडायचा नाही, लेखी ‘लीव्ह ऑफ अ‍ॅबसेन्स’ घ्यायची.

कागदांचं थोडक्यात: दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, पदवीवर आईचं नाव जोडलेलं, असा तिढा जवळपास प्रत्येकाचा असतो. एक प्रतिज्ञापत्र करून ठेवा. जुन्या कागदावर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद आणि नव्यावर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव असेल, तर त्याचाही खुलासा त्यातच.

तिकडं गेल्यावर घरी संकट आलं तर

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीनं उभी पिकं वाहून गेली. अशा वर्षी ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या मुलाला घरून पैसे येणं थांबतं. त्याच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स’ लिहिलेलं असतं, म्हणून तो मदत मागायलाच घाबरतो. ती अट सरकारी भत्त्यांची आहे. विद्यापीठाचा हार्डशिप फंड, म्हणजे अडचणीत आलेल्या विद्यार्थ्यांसाठीचा निधी, त्यात येत नाही.

हा निधी फक्त अनपेक्षित संकटाला मिळतो. ‘आधीच पैसे कमी होते’ असं लिहिलं की अर्ज फेटाळला जातो, कारण पुरेसे पैसे आहेत असं तुम्हीच व्हिसाच्या वेळी सांगितलेलं असतं. म्हणून ‘आधी काय ठरलं होतं आणि काय बिघडलं’ हे आकड्यांत दाखवायचं. समजा, पाच एकर सोयाबीन, एकरी सात क्विंटलचा अंदाज, क्विंटलला ४,५०० रुपये: एकूण १,५७,५०० रुपये. पौंड १२० रुपयांना धरला तर सुमारे १,३०० पौंड. हे पैसे नोव्हेंबरात येणार होते आणि त्यातून डिसेंबर-जानेवारीचं भाडं जाणार होतं. सोबत तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत आणि तिचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर, वडिलांच्या खात्याचा उतारा, स्वतःच्या तीन महिन्यांच्या बँक नोंदी. नोंदींमधल्या प्रत्येक मोठ्या रकमेपुढं ती कशाची ते लिहा. २०० पौंड कोणाला पाठवले याचा खुलासा नसेल तर फाइल परत येते आणि तीन आठवडे जातात. एकर आणि क्विंटल कळेल असं लिहा. समितीतल्या माणसानं सोयाबीनचं शेत पाहिलेलं नसतं.

मिळतात ते बहुधा जगण्याच्या खर्चाचे, फीचे नाही. फीसाठी वेगळा अर्ज फायनान्स ऑफिसकडं, हप्ते वाढवून मागण्याचा, आणि तो हप्ता चुकण्याआधी. चुकल्यावर नोंदणी थांबते, आणि नोंदणी थांबली की गोष्ट व्हिसापर्यंत जाते.

करिअर सेंटर म्हणजे प्लेसमेंट सेल नव्हे

आपल्याकडं इंजिनिअरिंग कॉलेजात कंपनी कॅम्पसवर येते, टीपीओ (प्लेसमेंट अधिकारी) यादी लावतो. तिकडच्या करिअर सेंटरकडून तसली अपेक्षा ठेवून लोक शेवटच्या सत्रात जातात आणि नाराज होऊन परततात. ते नोकरी देत नाहीत. सीव्ही तपासतात, सरावाच्या मुलाखती घेतात, माजी विद्यार्थ्यांशी गाठ घालून देतात. हे सगळं फीमध्ये आलेलं असतं, म्हणून पहिल्या महिन्यातच वेळ घ्या. अमेरिकेत पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपची भरती बरीचशी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच होते. ऑगस्टला उतरलेल्या मुलाला अजून बसचे मार्गही कळलेले नसतात, पण मेळावा चुकला तर अख्खं वर्ष गेलं. इंटर्नशिपसाठी सीपीटी (शिकत असताना बाहेर काम करायची परवानगी) लागते, ती साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर. आणि पूर्णवेळ सीपीटी बारा महिने झाली तर त्याच पातळीची ओपीटी (पदवीनंतर आपल्या विषयात काम करायची परवानगी) हातची जाते.

सीव्ही एका पानाचा. वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि खालचं ‘आय हिअरबाय डिक्लेअर’ काढून टाका. पुढच्या बैठकीला विचारायचा प्रश्न ‘मला नोकरी मिळेल का’ हा नाही. ‘गेल्या दोन वर्षांत माझ्या विभागातल्या परदेशी विद्यार्थ्यांना कोणत्या कंपन्यांनी घेतलं’ हा आहे. ब्रिटनमध्ये तर व्हिसा प्रायोजित करू शकणाऱ्या कंपन्यांची यादी सरकारच्या संकेतस्थळावर खुली असते. त्या यादीत नसलेल्या कंपनीला शंभर अर्ज करून ग्रॅज्युएट व्हिसापुढं (पदवीनंतर काही काळ तिथं राहून काम करू देणारा व्हिसा) काही हाती लागत नाही. तो व्हिसा सध्या दोन वर्षांचा आहे, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना अठरा महिन्यांचा. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पण जर्मन बोलता येत नसेल तर ते दिवस गोदामातच जातात. बी-१ पर्यंतची, म्हणजे मध्यम पातळीपर्यंतची भाषा इथूनच शिकून जा.

अमेरिकेतल्या ओपीटीचा अर्ज कोर्स संपण्याआधी ९० दिवसांपासून संपल्यावर ६० दिवसांपर्यंत करता येतो. पहिल्या आठवड्यातच करा, कार्ड यायला महिने लागतात. कार्डावरच्या सुरुवातीच्या तारखेपासून बेरोजगारीचे एकूण ९० दिवस मोजले जातात. ७०व्या दिवशीही नोकरी नसेल तर हातपाय गाळू नका: सुरुवातीच्या बारा महिन्यांच्या ओपीटीत आपल्या विषयातलं बिनपगारी काम, आठवड्याला किमान २० तासांचं, हेही रोजगारात धरलं जातं. ज्या प्राध्यापकाकडं थिसिस केला त्यांनाच विचारा. तारीख, तास आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं त्यांचं पत्र घ्या आणि एसईव्हीपी पोर्टलवर (ओपीटीवरच्या विद्यार्थ्यांनी कामाची नोंद करायचं अमेरिकेचं सरकारी संकेतस्थळ) त्याच दिवशी नोंद करा.